ब्रॅकेट ४५ किलोचं, पण भिंत कितीची?

घर नवीन, टीव्ही नवीन, ब्रॅकेटही नवीन. टीव्ही ६५ इंची, पाय काढून वजन २४ किलो. ब्रॅकेट दुहेरी हाताचं, म्हणजे ओढलं की भिंतीपासून ५० सेंटिमीटर बाहेर येणारं आणि दोन्ही बाजूंना वळणारं. त्याच्या खोक्यावर ठळक छापलेलं: क्षमता ४५ किलो. चोवीस किलोच्या टीव्हीला पंचेचाळीसचं ब्रॅकेट घेतल्यावर कुणीही निर्धास्तच राहील. तरी वर्षाच्या आत तो टीव्ही पुढे झुकला. पडला नाही, पडायच्या बेतात असताना लक्षात आला, एवढंच.

तेही वेगळ्याच कारणानं. घरातल्या ताईंची तक्रार टीव्हीबद्दल नव्हतीच. टीव्हीखालच्या कपाटावर पांढरी पूड पडते, पुसली तरी दोन दिवसांत पुन्हा येते, छताचा रंग तर सुटत नाही ना, एवढं बघायला त्यांनी मला बोलावलं होतं. घरांच्या डागडुजीची, गळतीची, तड्यांची कामं मी करतो, त्यामुळे पूड हा माझा नेहमीचा विषय. छत ठणठणीत होतं. पूड बोटावर घेऊन चोळली तर रंगाच्या पोपड्यासारखी तिची पापडी नव्हती. कोरडी, किंचित खरखरीत, बोटावर पांढरा थर ठेवणारी. आणि ती कपाटभर पसरलेली नव्हती. ब्रॅकेटच्या बरोबर खाली, वीतभर रुंदीतच पडत होती.

टॉर्च लावून टीव्हीच्या मागे पाहिलं. भिंतीवरची लोखंडी प्लेट वरच्या कडेला भिंतीपासून सुटलेली, मध्ये पोस्टकार्ड आरामात सरकेल इतकी फट. खालची कड मात्र गिलाव्यात रुतून बसलेली. वरच्या दोन स्क्रूंच्या डोक्यावर गिलाव्याला अर्धगोल तडा. आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, "अहो, मी केव्हापासून सांगतोय वाकडा दिसतोय, तर हे म्हणतात तुमचा चष्मा बदला."

मध्यंतरी टीव्ही डुगडुगायला लागला होता, तेव्हा बसवणाऱ्या दादांनी येऊन स्क्रू आवळून दिले होते, असंही ताईंनी सांगितलं. हे ऐकून बराचसा उलगडा तिथेच झाला. स्क्रू आवळताना 'गच्च झाला' असं वाटतं, आणखी अर्धा फेरा दिला की भोकातला प्लगच, म्हणजे स्क्रूला पकड देणारी नळी, स्क्रूबरोबर फिरतो. दुखणं स्क्रूत नव्हतंच, त्यामुळे आवळून ते बरं होणार नव्हतं, वाढणार होतं.

आधी टीव्ही उतरवला. दोघांनी, दोन्ही बाजूंच्या खालच्या कडा धरून, काचेवर तळहाताचा दाब न देता. आणि उभाच ठेवला, गादीवर पालथा टाकला नाही. इतक्या पातळ पॅनेलला आडवं ठेवणं मानवत नाही.

मग वरचा एक स्क्रू सैल केला. दोनतीन फेरे पान्यानं, आणि पुढे स्क्रू हातानंच बाहेर आला, प्लगसकट. १० मिलिमीटर जाडीचा, ५० मिलिमीटर लांबीचा साधा नायलॉनचा प्लग. त्याच्या दातऱ्यांमध्ये तीच पांढरी पूड गच्च भरलेली. भोकाचं तोंड गोल राहिलेलं नव्हतं, उभट झालेलं. आत खिळा घालून खोली मोजली, कडेचा थर पाहिला: बाहेरचे १५ मिलिमीटर गिलावा, त्यामागे पांढरा, सच्छिद्र, हलका माल. म्हणजे एएसी ब्लॉक, ज्याला बरेच जण सरसकट सिपोरेक्स म्हणतात. पन्नास मिलिमीटरच्या प्लगपैकी पंधरा गिलाव्यातच खर्ची पडले होते. गिलाव्याला ओढ सोसत नाही, तो फुटतो. म्हणून प्लगची लांबी मोजायची ती गिलाव्याच्या पुढची. ब्लॉकमध्ये बसलेला प्लग उरला पस्तीस.

आता या पस्तीस मिलिमीटरनं किती ओढ धरून ठेवायची होती, ते पाहू. या प्रकरणाचा जीव या हिशेबात आहे आणि तो करायला भागाकारापलीकडे काही लागत नाही.

टीव्ही भिंतीला लागून असतो तेव्हा त्याचं वजन स्क्रूंना खाली कापू पाहतं. चार स्क्रूंवर वाटलेले तीस-एक किलो (टीव्ही चोवीस, ब्रॅकेटचा हात सहा) हे फारसं ओझं नाही. पण वजन भिंतीपासून दूर गेलं की ते प्लेटला खालच्या कडेवर फिरवू पाहतं आणि वरच्या स्क्रूंना भिंतीतून बाहेर उपसतं. पाण्याची बादली छातीशी धरणं आणि हात लांब करून धरणं, यात बादलीचं वजन बदलत नाही, खांदा मात्र भरून येतो.

या ब्रॅकेटच्या प्लेटवर वरच्या आणि खालच्या स्क्रूंमध्ये २० सेंटिमीटर अंतर होतं. हात मिटलेला असताना टीव्हीचा भार भिंतीपासून साधारण ८ सेंटिमीटरवर. २४ गुणिले ८, त्यात मिटलेल्या हाताचे सहा किलो चार सेंटिमीटरवर, भागिले २०. वरच्या दोन स्क्रूंवर मिळून ओढ येते ११ किलोच्या आसपास. आता हात पूर्ण उघडा. टीव्ही ५० सेंटिमीटरवर, हाताचा भार मध्यावर म्हणजे २५ वर. २४ गुणिले ५० झाले १२००, सहा गुणिले २५ झाले १५०. एकूण १३५० भागिले २०, म्हणजे साडेसदुसष्ट किलो. एकेका वरच्या स्क्रूवर चौतीस किलो, सरळ भिंतीतून बाहेर. टीव्ही तोच, स्क्रू तेच, ओढ सहा पट. शिवाय टीव्ही फिरवताना हाताचा जोर येतो तो वेगळाच. कडेला धरून खाली दहा किलोचा दाब दिला, तरी त्याच गणितानं वरच्या स्क्रूंवर आणखी पंचवीस किलो पडतात.

खोक्यावरचे ४५ किलो खोटे नव्हते. ते लोखंडाचे होते. हात वाकणार नाही, सांधा तुटणार नाही, हे कंपनीनं सांगितलं. भिंत कशाची आहे हे कंपनीला ठाऊक असण्याचं कारणच नाही. आतल्या माहितीपत्रकात भक्कम काँक्रीट किंवा विटेची भिंत गृहीत धरलेली असते, तेही बारीक अक्षरांत.

एएसी ब्लॉक वाईट असतो असं कुणी म्हणू नये. भिंत म्हणून तो छान आहे: हलका, उष्णता अडवणारा, भराभर रचला जाणारा. पण त्याचं हलकेपण येतं आतल्या हवेच्या बारीक छिद्रांमधून. काँक्रीटचं वजन घनमीटरला सुमारे २४०० किलो, भाजलेल्या विटेचं १६०० ते १९००, आणि या ब्लॉकचं ५५० ते ६५०. दाब सोसण्याची ताकद काँक्रीटची चौरस मिलिमीटरला २० न्यूटन किंवा वर, याची ३ ते ५. आणि पसरणारा प्लग चालतो तो दाबावरच. स्क्रू आत शिरला की प्लग फुगतो, भोकाच्या कडा दाबतो, कडा उलट दाबतात, त्या घर्षणावर सगळं टिकतं. १९११ साली इंग्लंडमध्ये जॉन रॉलिंग्जनं ज्यूटच्या तंतूंचा प्लग काढला (आपल्या तोंडातला 'रावळ प्लग' तिथूनच आला), १९५८ मध्ये जर्मनीत आर्थर फिशरनं नायलॉनचा काढला. दोन्हींचं तत्त्व हेच. उलट दाबायला कडक भिंत हवी. मऊ ब्लॉकमध्ये फुगलेला प्लग आजूबाजूची छिद्रं चिरडतो, त्यांची पूड होते, आणि पुडीला पकड नसते. म्हणून प्लग बनवणाऱ्यांच्या तक्त्यांत एकाच प्लगची क्षमता काँक्रीटमध्ये एक आणि एएसीमध्ये तिच्या अंशानं दिलेली असते.

त्यात ड्रिल हॅमरवर ठेवून मारलेलं. बसवणाऱ्या दादांना फोन केला तेव्हा त्यांनीच सांगितलं, "साहेब, दोन मिनिटांत चारही भोकं पडली, इतकी सोपी भिंत." माणूस कामाचा आहे. विटेच्या भिंतीत याच पद्धतीनं त्यांनी ढिगानं टीव्ही लावलेत आणि ते जागचे हललेले नाहीत, यावर माझा विश्वास आहे. पण सहज पडलेलं भोक हीच पहिली सूचना होती. हॅमरच्या ठोक्यानं या ब्लॉकमध्ये भोक बिटापेक्षा रुंद आणि तोंडाशी फाकलेलं होतं. इथे नुसत्या फिरकीवर भोक पाडायचं असतं. आणि ड्रिलमधून येणारी पूड भिंतीचं नाव सांगते. लाल असेल तर वीट. करडी, वाळूदार आणि बिट कुरकुरत पुढे जात असेल तर काँक्रीट. पांढरी आणि बिट विनासायास शिरत असेल तर एएसी. पांढरी येऊन बिट एकदम पोकळीत घुसलं, तर जिप्सम बोर्ड. तिथे आतली लोखंडी उभी पट्टी चुंबकानं शोधून स्क्रू त्या पट्टीतच घ्यायला हवेत, आणि लांब हाताचं ब्रॅकेट तिथे मी मुळात लावूच देत नाही. पहिलं भोक चार-पाच मिलिमीटरच्या बारीक बिटानं मारून पूड पाहायला कितीसा वेळ लागतो?

दुरुस्तीचे रस्ते तीन-चार होते. दादांचं म्हणणं होतं, तीच भोकं मोठी करून बारा मिलिमीटरचा प्लग ठोकू. ते मी बाजूला ठेवलं, कारण भोकाभोवतीचा ब्लॉक आधीच चिरडलेला होता. केमिकल अँकर चालला असता: आत रुंद होत जाणारं शंकूच्या आकाराचं भोक, ब्रश आणि फुंकपंपानं पूड पूर्ण काढायची, रेझिन भरायचं, त्यात आटे असलेला रॉड, आणि रेझिन पूर्ण कडक होईपर्यंत हात लावायचा नाही. ब्लॉकसाठी तो पर्याय उत्तम. फक्त तो भोक साफ करणाऱ्याच्या चिकाटीवर उभा असतो, आणि पूड राहिली तर बाहेरून कळायला काही मार्ग नसतो.

इथे भिंत आतली होती, १० सेंटिमीटरचा ब्लॉक आणि दोन्हीकडे गिलावा, मिळून १३ सेंटिमीटर. पलीकडे शयनघरातलं भिंतीतलं कपाट. म्हणजे आरपार रॉड घालून पलीकडून लोखंडी प्लेटवर नट आवळता येणार होता, आणि ती प्लेट कपड्यांच्या मागे कुणाला दिसणारही नव्हती. आरपार बोल्टचा फायदा असा की ओढ घर्षणावर राहत नाही. बोल्ट बाहेर येऊ पाहतो तेव्हा पलीकडची प्लेट भिंतीला दाबते, आणि दाब रुंद जागेवर पसरला तर एएसी तो आनंदानं सोसतो. ठरलं.

पण त्याआधी एक प्रश्न विचारायचा होता, जो खरं तर ब्रॅकेट घेतानाच विचारायला हवा: टीव्ही फिरवायचा कशाला?

उत्तर आलं आजोबांच्या खुर्चीचं. सोफा टीव्हीच्या समोर, खुर्ची खिडकीपाशी कोपऱ्यात. तिथून पडदा फार तिरका दिसतो, रंग फिके पडतात, म्हणून टीव्ही पूर्ण बाहेर ओढून खुर्चीकडे वळवलेला. आणि परत मिटवायचा कंटाळा, म्हणून उघडा तो दिवसरात्र उघडाच. ते चौतीस किलो अधूनमधून नव्हे, अखंड लटकत होते.

जमिनीवर सुतळी धरून कोन मोजला. सोफ्याच्या रेषेपासून खुर्ची साधारण ४० अंशांवर. ६५ इंची पडद्याची रुंदी १४४ सेंटिमीटर, निम्मी ७२. टीव्ही ४० अंश वळवायचा तर मागची कड भिंतीला न आपटण्यासाठी मध्य ४६ सेंटिमीटर बाहेर हवा. म्हणूनच हात जवळजवळ पूर्ण उघडलेला. पण टीव्ही २० अंशच वळवला, तर सोफ्यावरच्यांना तो २० अंश तिरका आणि खुर्चीतूनही २० अंश तिरका. कुणालाच त्रास नाही, आणि लागतात फक्त २५ सेंटिमीटर. पुठ्ठा कापून, टीव्हीच्या मापाचा, भिंतीपाशी धरून दाखवला. आजोबा खुर्चीत बसले, ताई सोफ्यावर, आणि दोघांनी मान डोलावली. लांब हाताचं ब्रॅकेट उतरवून २८ सेंटिमीटरच उघडणारं, एकेरी हाताचं घेतलं. वरच्या रॉडांवरची ओढ पूर्ण उघडल्यावर सदतीस किलोच्या घरात, आधीच्या जवळपास निम्मी. माझ्या मते बोल्टपेक्षा या बदलानं जास्त काम केलं.

जागाही बदलली. आधी पडद्याचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर होता, खाली शोभेच्या वस्तू ठेवता याव्यात म्हणून. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे १००–११० सेंटिमीटरवर असतात. मध्य ११० वर आणला. मान वर करून बघणं थांबलं आणि नवीन भोकं जुन्या चिरडलेल्या जागेपासून चांगली चाळीस सेंटिमीटर खाली, निरोगी ब्लॉकमध्ये आली. सोफ्याचं अंतर अडीच मीटरच्या वर होतं, पडद्याच्या तिरक्या मापाच्या, म्हणजे १६५ सेंटिमीटरच्या, दीड-पावणेदोन पट. ते योग्यच होतं, त्याला हात लावायला नको.

कामाचा दिवस लांबला तो आखणीत. भिंतीतल्या वायरींचे पाईप सहसा बोर्डापासून सरळ वर किंवा सरळ आडवे जातात, म्हणून बोर्डांच्या रेषा दोन्ही खोल्यांत पेन्सिलीनं ओढल्या, वायर शोधणारं यंत्र दोन्हीकडून फिरवलं, आणि त्या खोल्यांची वीज तोडणारे एमसीबी पाडले. आरपार भोक म्हणजे भिंतीच्या दोन्ही बाजूंची जोखीम. मग आधी ४ मिलिमीटरचं बारीक भोक, भिंतीला काटकोनात, पलीकडे निघेपर्यंत. ते निघालं की मोठा बिट दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत. एकाच बाजूनं मोठा बिट रेटला की पलीकडचा गिलावा ताटाएवढा उडतो. १० मिलिमीटरचे आट्यांचे चार रॉड. कपाटाच्या बाजूला ६ मिलिमीटर जाडीची चौकोनी लोखंडी प्लेट, दिवाणखान्याच्या बाजूला ब्रॅकेटमागे १८ मिलिमीटरचं प्लायवूड, प्लेटपेक्षा सगळीकडून मोठं, म्हणजे खालची कड पुन्हा गिलाव्यात रुतायला नको. नट समोरासमोरचे, थोडे थोडे, कोपरे बदलत आवळले. इथे ताकद दाखवायची नसते. लांब पाना लावून आवळलं तर ब्लॉक मधल्यामध्ये चिरडतो.

टीव्हीच्या पाठीकडे फार वेळ गेला नाही. भोकं ४०० बाय ३०० मिलिमीटर, व्हेसाच्या, म्हणजे टीव्ही आणि ब्रॅकेटसाठी ठरलेल्या सामाईक मापाची, त्यामुळे ब्रॅकेट जुळण्याची चिंता नव्हती. फक्त एक गोष्ट: जुने स्क्रू टीव्हीत तिरके बसले होते, कारण पाठीच्या खोलगट भागातले प्लॅस्टिकचे नळकांडी स्पेसर खोक्यातच राहिले होते. ते घातले. स्क्रू हातानं किती फेरे जातो ते आधी मोजायचं, मग पट्टी धरून आवळायचा. लांब स्क्रू रेटला तर तो थेट पॅनेलच्या सर्किटात जातो.

टीव्ही चढवण्याआधी रिकाम्या हाताच्या टोकाला वाळूची पोती लटकवली, चाळीस किलो, हात पूर्ण उघडा. प्लायवूडच्या वरच्या कडेला भिंतीशी कागदाची पट्टी धरून पाहिली, शिरली नाही. तासाभरानं पुन्हा पाहिलं, तसंच. दादा बघत होते. "हे मी पहिल्यांदाच बघतोय," म्हणाले, आणि पोती किती किलोची ते डायरीत लिहून घेतलं.

केबलचा घोळ शेवटी व्हायचा तो झालाच. एचडीएमआयची वायर मिटलेल्या हाताच्या मापाची होती. टीव्ही वळवला की ताणून तिची पिन तिरकी होई. हात पूर्ण उघडून, वळवून, वर वीतभर ढील ठेवून मगच केबल बांधायच्या.

जुनी चार भोकं खरवडून, पाणी मारून, ब्लॉकच्या मसाल्यानं भरली आणि वर रंग दिला. महिनाभरानं नट तपासले तेव्हा प्लायवूड थोडं दबल्यामुळे वरचे दोन पाव फेरा गेले. त्यानंतरच्या तपासणीत एकही हलला नाही आणि कपाटावर पूडही नव्हती.

एवढं झाल्यावर ताईंना साहजिकच शयनघरातल्या टीव्हीची धास्ती वाटायला लागली. ४३ इंची, आठ किलोचा, तशाच ब्लॉकच्या भिंतीवर, त्याच दादांनी, त्याच जातीच्या प्लगवर लावलेला. तोही आरपार बोल्टवर घेऊया, असं दादा स्वतःहून म्हणाले. मी पाहिला. ब्रॅकेट सपाट, न फिरणारं, टीव्हीचा भार भिंतीपासून पाच सेंटिमीटरवर. आठ पंचे चाळीस, भागिले वीस: वरच्या दोन स्क्रूंवर मिळून दोन किलो. वरची कड भिंतीला चिकटलेली, खाली पूड नाही, स्क्रूला पाना लावला तर प्लग फिरला नाही. त्याला हात लावला नाही.